वीस ग्रॅम

साखर रक्तात उतरली आणि आमच्या मुळावर उठली,
म्हणून आज मुळाच आणला बाजारातून.
हातभर लांब, पांढराशुभ्र.
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले
तर शेजारची बाई
बाळाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघून हसली.

डॉक्टर हिराबायाशी आमच्या नातीच्या वयाची.
तिने कागदावर वाडगा काढला
आणि वाडग्यावर फुली मारली.
भात बंद, म्हणाली, निदान हा हिवाळाभर.
किसाबुरोने कमरेत वाकून नमस्कार केला,
शेवटचं गिऱ्हाईक उठून जाताना करायचा तसा.

एकेचाळीस वर्षं,
मुराकामी स्टेशनच्या मागे, सात खुर्च्यांच्या दुकानात
या माणसाने भाताशिवाय दुसरं काही हातात धरलं असेल
तर मला आठवत नाही.
माझा हात? धरला होता एकदा, लग्नात,
फोटोग्राफरने सांगितलं म्हणून.

आता ओट्यावर मी मांडामांड केली आहे.
काकडी, शिसोची पानं,
घट्ट पिळून कुस्करलेला, तीळ पेरलेला तोफू,
आणि शेजाऱ्यांच्या वळचणीला महिनाभर वारा प्यालेल्या
साल्मनचा एक लांबट तुकडा.
सोलाण्याने मुळा सोलते.
पट्ट्या निघतात त्या फाटक्या, तोकड्या.
गुंडाळायला जावं तर आतलं सगळं
दोन्ही तोंडांनी बाहेर.
तो पेपर वाचत नाहीये. नुसती पानं उलटतोय.
तिसरी गुंडाळी सुटली
तेव्हा खुर्ची सरकली.

सुरी दे.

चहाचा कप धरताना थरथरतात त्याची बोटं.
सुरी धरली की ती थरथर कुठे जाते कोण जाणे,
सुरीच पीत असावी.
मुळ्याचा वीतभर तुकडा डाव्या हातात फिरू लागला.
सुरी जेमतेम वरखाली,
झोपलेल्या माणसाच्या छातीएवढी.
आणि पापुद्रा उतरत गेला,
ओला, अखंड,
ओट्याच्या कडेवरून खाली,
मी धावत जाऊन पदराखाली घ्यावं तसा एप्रनमध्ये झेलला.

त्याने तो पेपरवर पसरला.
आरपार अक्षरं दिसली.
उद्या किनाऱ्यावर बर्फ.
कुणाचं तरी मांजर हरवलंय.
"जाड आहे," तो म्हणाला.
मी वाचत होते:
मांजराच्या गळ्यात लाल पट्टा आहे.

मग व्हिनेगरच्या पाण्यात बोटं बुडवून
त्याने टाळी वाजवली. एकच. दुकानातली.
भात हाताला चिकटू नये म्हणून असते ती टाळी.
आज चिकटायला काही नव्हतं.
तरी उजवा हात गेलाच,
जिथे लाकडी परात असायची तिथे,
हवेत मिटला,
मुठीतल्या पोकळीला दोनदा दाबून
आकार देऊन थांबला.

आम्ही दोघंही त्या मुठीकडे बघत राहिलो.

"किती?" मी विचारलं.
"वीस ग्रॅम."
मी त्याची मूठ उघडली, तोफूचा गोळा ठेवला.
त्याने डोळे मिटून तोलला.
"दोन कमी."
काटा काढला. अठरा.

दारात सुगावाराने पाठवलेलं
नव्या तांदळाचं पोतं उभं आहे, दरवर्षीसारखं.
त्याला काय कळवायचं ते अजून ठरत नाही.
तोवर त्याला टेकून मी छत्री ठेवते.

खायला बसलो. कर्रकर्र वाजतंय सगळं,
मुळा, काकडी, आमच्या कवळ्या.
"सुशी वाजत नाही," तो म्हणाला,
आणि सहावी उचलली.

नंतर मी भांडी आवरताना
तो बांबूची चटई पुसत होता.
दोऱ्याच्या गाठीत अडकलेलं, कधीचं, काचेसारखं वाळलेलं
एक शीत त्याने नखाने काढलं.
उजेडात धरलं.
माझ्याकडे पाहिलं.

मी पेपर उचलला
आणि मांजराचा पत्ता पुन्हा नीट वाचू लागले.