थांबा, हळू

माझ्या पाटीला दोन बाजू.
एकीवर थांबा, दुसरीवर हळू.
'जा' असं कुठेच लिहिलेलं नाही.
लोक हळू वाचतात आणि सुसाट निघतात.

मैल एकशे बेचाळीस ते एकशे एकोणपन्नास.
ॲरिझोनाच्या नकाशावर नखाएवढी रेघ.
सुरुवात केली तेव्हा पहाटे
थर्मासच्या झाकणावर बर्फ धरायचा.
वाळवंटात थंडी असते, हे
उत्तरेकडून येणाऱ्या मोटरहोमवाल्यांना
दर हिवाळ्यात नव्याने कळतं.
काच खाली करून विचारतात, किती वेळ?
वीस मिनिटं, मी सांगते.
विसाची चाळीस होतात.
एका म्हाताऱ्याने खुर्ची काढली, रस्त्यातच मांडली,
संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.
बियांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

मग सग्वारो हलवले.
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.
व्हर्ना अँटोन इथलीच, ओऽदम, या जमिनीची.
तिने आधी माझी भाषा सुधारली:
"ते झाड म्हणू नकोस. तो म्हण."
दक्षिणेच्या अंगाला खडूची खूण,
नव्या खड्ड्यातही तेच अंग दक्षिणेला,
नाहीतर सावलीत वाढलेली कातडी भाजून निघते.
तीनशे बारा नंबरला चार हात होते.
क्रेनच्या पट्ट्यात तो आडवा झाला
तेव्हा रोहेलिओने रोलर बंद केला, टोपी काढली,
कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत
परत घातली.
जगेल का? मी विचारलं.
"पाच वर्षं थांब," व्हर्ना म्हणाली.
"मेला तरी तोवर हिरवाच दिसतो.
साठवलेल्या पाण्यावर."

जूनमध्ये दिवसा डांबराचं नाव काढायचं नाही.
रात्री दोन वाजताही बुटांचे तळवे मऊ,
दिव्यांखाली एकेकाला चार-चार सावल्या,
टोळ येऊन हेल्मेटवर आपटायचे.
रांगेत पहिली होती एक लांब काळी गाडी.
चालक म्हणाला, सावकाश होऊ द्या बाई,
मागे जो आहे त्याला घाई नाही.
मी हसले. मग घरी गेल्यावर
अंघोळीच्या पाण्याखाली बराच वेळ उभी राहिले.

धुळीची भिंत आली ती जुलैत, भर दुपारी.
नियम पाठ आहे: रस्ता सोडा, बाजूला व्हा,
सगळे दिवे मालवा, ब्रेकवरून पाय काढा.
कारण तुमचा लाल दिवा पाहून मागचा समजतो
तुम्ही चालताय,
आणि तुमच्यावर विश्वास ठेवून येतो.
अकरा मिनिटं ट्रकमध्ये आम्ही तिघं.
रोहेलिओ दाताखाली वाळू चावत
नावं घेत होता, आधी मुलींची,
शेवटी कुत्र्याचं.

सप्टेंबरात त्या कोरड्या ओढ्याने
एका संध्याकाळी आठ आठवड्यांचं काम नेलं,
पाइपांसकट.
दुसऱ्या दिवशी परत कोरडा.
आम्ही पुन्हा खणलं. त्यावर काय लिहायचं.

डिसेंबरात फीत कापली.
त्या वेळी मी दोनशे पावलांवर
गाड्या थांबवून उभी होते, वाऱ्यावर भाषण तुटक येत होतं:
प्रवासाची... चार मिनिटं... वाचणार.

रविवारी माझीच गाडी काढली.
अंगात नारिंगी जाकीट नाही, हातात पाटी नाही,
कुणी अडवलं नाही.
एकशे सेहेचाळिसाव्या मैलाला मी बाजूला घेतली,
कुंपणाच्या तारेखालून वाकून गेले,
तीनशे बारा शोधला.
खडू पावसाने गेलाय. बिल्ला आहे.
दोन काट्यांच्या मधे बोट टेकवलं.
चार मिनिटं कधीच संपली होती.

हिरवा आहे.
अजून काही सांगता येत नाही.