बिनपडद्याची पाटी

नवी पेठेत जिन्यावरच्या दुकानात
सुरवसे दोन खोकी उघडून बसलाय.
एकात काच. काचेतच चित्र, चित्रावर थेट पेन.
अडतीस हजार.
दुसरी नुसती काळी पाटी,
शाळेतल्यासारखी, फक्त हिच्यावर काही उमटत नाही.
सहा हजार दोनशे, दोन बोटांचा हातमोजा फुकट.

"दाबाच्या पायऱ्या आठ हजार एकशे ब्याण्णव,"
तो पाढा म्हटल्यासारखं म्हणतो.
एवढ्या पायऱ्या चढून जायचं कुठं?
बाबांना दोनच ठाऊक होत्या,
चौकोन भरलेला, चौकोन रिकामा.
आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं मोर बसवायचे ते,
पिसाऱ्याच्या कडेला बारीक दाते.
मग पुठ्ठ्यांना भोकं पडायची
आणि जकार्डवर चढलेला मोर
खडखडत खाली यायचा, पाळीमागून पाळी.
चादरीच्या कोपऱ्यात नाव कारखान्याचं.
आता बाबा एटीएमपाशी बसतात, रात्रपाळीला.
अक्कलकोट रोडचा टॉवेलवाला मला म्हणाला,
नक्षी चांगलीय, पण कागद नको, फाइल दे.

म्हणून हे.

म्हणून अम्मा सोबत आलीय,
विडीच्या बोनसचे सात हजार
रुमालात, रुमाल डब्यात, डबा पिशवीत.
ती विचारते,
"पेनाला सेल लागतो का?
उंदरानं वायर खाल्ली तर?"
सुरवसे हसत नाही. बिचारा खरंच विचार करतो.

मी पाटीवर गोल काढते.
हात टेबलावर, रेघ तिकडं समोरच्या पडद्यावर,
मधल्या हातभर हवेत काहीतरी सांडतं.
गोल मिटत नाही.
एका बाजूनं मोडलेली कडक भाकरी.
पुन्हा काढते, मान खाली घालून, बोटांवर लक्ष ठेवून.
आणखी वाईट.
काचेवालीकडं एकदा बघून घेते, चोरून.

"हाताकडं काय बघतीस गं?"
अम्मा म्हणते.
"हजार विड्या होतात दिवसाला.
मी बघितलं का कधी?"

खरंय. तिचे डोळे सीरियलवर असायचे,
उतू चाललेल्या दुधावर,
नळाला पाणी आलं का त्यावर,
माझ्या वहीवर तर फार वेळ.
खाली बोटं आपली पान कापायची, चिमूट पसरायची,
वळायची, तोंड दुमडायची, दोरा.

तिनं पेन घेतलं, कात्री धरावी तसं.
नजर सुरवशेच्या पंख्यावर.
पडद्यावर रेघ निघाली,
आधी जाड, मग बारीक होत होत
तेंदूच्या पानातली मधली शीर,
आणि पडद्याची कड आली तशी संपली.
"पान लहान आहे," एवढंच म्हणाली,
आणि रुमाल सोडायला लागली.

शेअर रिक्षात अशोक चौकापर्यंत
खोकं तिच्याच मांडीवर होतं.
सूप धरतात तसं,
पुढची कड जरा उचललेली.