शेवटचं पाणी

बोडीच्या पाळीवर, करंजाला वेटाळून
बेडकीचा पाला वाढतो.
सुकरू मडावींनी दाखवला तेव्हा
आधी वेलीची परवानगी मागितली,
मग माझ्याकडे तंबाखू.

सात पानं. दव निथळल्यावरची.
ओल्या फडक्यात गुंडाळून
साडेनवाच्या एसटीने अर्जुनीला आणली.
वाहक म्हणाला, मॅडम, भाजी कोनती?

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजची मागची खोली,
एक काचेची पेटी, दोन स्पिरिटचे दिवे
आणि तासिका तत्त्वावरची मी.
पान आधी नळाखाली, मग स्पिरिटमध्ये,
मग ब्लीचमध्ये, मग उकळून गार केलेल्या पाण्यात
एकदा, दोनदा, तीनदा.
बाहेरचं सगळं जायला हवं:
धूळ, बगळ्याची शीट, माझ्या बोटांचा घाम.
आणि ते तिसरं, शेवटचं पाणी
फेकायचं नाही.
त्याचा एक थेंब वेगळ्या बशीत.
त्या बशीत काही उगवलं नाही
तरच म्हणता येतं,
की पानातून जे येईल ते पानाच्या आतलं.

पाचव्या दिवशी कापल्या कडेला
पांढरं काहीतरी फुटलं,
पेळूतून सुटलेल्या धाग्याइतकं.
शेवटच्या पाण्याची बशी कोरी.
मी बाबांना फोन केला.

बाबा तीस वर्षं डाकसेवक,
अकरा वर्षं साखर.
अंगठ्याशी एक फोड, पोळ्याला आलेला,
दिवाळीलाही तिथंच.
आरोग्य केंद्राच्या गोळ्या जुन्या टपालाच्या पिशवीत
वारांप्रमाणे लावलेल्या, जणू वाटायला निघायचंय.
"म्हंजे पानाच्या पोटात बुरशी?
अन् ते त्याले खात नाही?"
नाही खात. राहते.
"मंग भाडं काय देते?"
तेच शोधतेय, म्हटलं.

एकदा त्यांना पान चावायला दिलं,
वर चिमूटभर साखर.
जीभ फिरवत राहिले बराच वेळ.
"रेती झाली नं पोरी!"
पुन्हा चिमूट, पुन्हा रेती, लहान पोरासारखे हसले.
आणि संध्याकाळी, पानाचा असर उतरल्यावर,
टपरीवर गोड चहा पिताना सापडले.

पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की निळं.
पीठ पचवणारं विकर टाकलं की निळं विरतं.
बुरशीचा अर्क घातलेल्या नळीत
निळं विरेना.
खिडकीशी धरून मी पाहत राहिले,
बाहेर कोणाची तरी धानाची मळणी चाललेली.

मग बशीतून बशीत, बशीतून बशीत.
बुरशी धष्टपुष्ट, तीच, तशीच पांढरी.
नवव्या खेपेला नळीतलं निळं
बघता बघता गेलं.
चुकलं असेल म्हणून तीनदा केलं.
नाही. ती ते बनवायचं
विसरली होती.

बाबा म्हणाले, "पत्ता बदलला का
मानूस टपाल घेत नाही."

मग मी पानं उकळून तेच पाणी
तिच्या खाण्यात मिसळलं.
बाराव्या दिवशी नळीत
फिकट, जुन्या शाईसारखं, पण निळं.
एवढंच. एका नळीतलं.
हे औषध नाही, बाबा.
उंदरालाही अजून कोणी दिलेलं नाही.
"तं गोळी बंद नोको करू?"
अजिबात नको.
त्यांनी गुरुवारची गोळी काढली, पाण्याचा घोट घेतला,
फोडावरची पट्टी स्वतःच बदलली,
माझ्याकडे न बघता.

परवा ते प्रयोगशाळेत आले, चप्पल हातात घेऊन,
देवळात आल्यासारखे.
चप्पल घाला, म्हणून मी ओरडले.
सगळ्या बशा सोडून
फळीवरच्या एकाच बशीपाशी थांबले,
तारीख टाकलेली, चार महिन्यांची.
चष्मा पुसून पाहिलं.
"हिच्यात तं काहीच नाही."
काहीच नाही, म्हटलं.
म्हणूनच ठेवलीय.