वेगळी डबी

गुजरीत शटर अर्धं खाली आलं की
बाबा म्हणतात, "काढ पेटी."
साजाची पानं, ठुशीचे मणी तिजोरीत गेलेले,
काट्याची काचपेटी तेवढी उघडी.
पंखा बंद करायचा.
"मिलीग्रॅमला वारं कळतंय,
आपल्याला कळत न्हाई."

बावीसची काडतुसं, पन्नासाची पेटी,
पितळेच्या अंगाची, शिशाच्या मेणचट नाकाची.
मोडीत आलेली नथ उचलावी
तशी चिमट्यानं एकेक उचलतात.
तीन ग्रॅम तीनशे एकतीस.
तीन ग्रॅम तीनशे तेहेतीस.
उधारीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर
मी आकडे उतरवते.
तोवर गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहिलेल्या असतात,
पेल्यात धार पडायला लागलेली असते.

"ही बघ."
बावीस मिलीग्रॅम जड.
कुंकवाच्या रिकाम्या डबीत तिला टाकतात, एकटीला.
"खोट न्हवं ही. जड हाय, एवढंच."

दुधाळीच्या रेंजवर सकाळी चटई दमट असते.
जमादार मॅडमनी रायफल शिकंज्यात आवळली,
म्हणाल्या, "आज तू मध्ये नकोस."
म्हणजे माझा श्वास नको, कोपर नको,
काल रात्रीचं जागरण नको.
तीन लॉट, दहा-दहा गोळ्या.
पहिला कागदावर पांगला,
भाकरीवर तीळ पांगतात तसा.
दुसरा उभाच्या उभा ताणला गेला.
तिसऱ्यानं एकच भोक पाडलं,
चिंचोक्याएवढं, कडेला कुरतडलेलं.
"हाच. मिळतील तेवढ्या पेट्या घे."
अकरा मिळाल्या.
सोनार असून
बाबांनी दर विचारला नाही.

मग त्याच लॉटातल्या,
बाबांनी निवडलेल्या दहा
आणि पेटीतून डोळे मिटून उचललेल्या दहा.
पंधरा मिलिमीटर.
पंधरा मिलिमीटर.
मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून
उन्हाकडे धरले.
भोकातून ऊन आलं.
"वडलांना सांगणार आहेस?"

सांगितलं.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं,
हिऱ्याचा डाग शोधतात तितका वेळ
दोन्ही भोकांत बघत बसले.
"बरं," म्हणाले. आणि मग,
"काढ पेटी."
"बाबा, पण फरक—"
"कागदाला पडला नसंल.
हातातनं गेलेल्या मालाचं वजन ठावं नसलं
तर मला झोप लागत न्हाई."
पंखा बंद.

चटईवर पालथी पडले की
पट्ट्यातून नाडी नळीपर्यंत जाते.
शर्टाच्या बटणाएवढा दहा
ठोक्याला वर, ठोक्याला खाली.
दोन ठोक्यांच्या मधे
थोडी जागा असते, तिथं बोट.
लॉट जुळलेला आहे, वजन जुळलेलं आहे,
नळी जुळलेली आहे.
न जुळणारं जे काय उरतं
ते कुठल्याच काट्यावर मावत नाही,
पंचावन्न किलो भरतं.

काट्यापाशी बाबाही श्वास धरतात.
आकडा ठरेपर्यंत.
हे मला फार उशिरा दिसलं.

रविवारी डबी घेऊन रेंजवर गेले.
जड होत्या त्या सात.
पाच दहात बसल्या.
सहावी नऊला, जरा खाली,
ती तिचं जडपण का माझं, सांगता येत नाही.
सातवी भरली नाही.
परत येताना रंकाळ्याच्या वळणावर
डबीत ती एकटीच वाजत होती.

"सात नेल्या होत्यास," बाबा म्हणाले.
"सहाच मारल्या."
त्यांनी विचारलं नाही का.
वही ओढली, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि तारखेपुढं लिहिलं:
शिल्लक एक.