अकरा आवर्तनं

मिस्किटांच्या माळ्यावरून स्पूल आला,
टॉवेलात गुंडाळलेला.
डब्यावर पेन्सिलीनं : मरोळ गावठाण, ७१, रविवार दुपार.
कंट्री गाणी वाजवणारे चार जण,
घोडा पाहिलेला फक्त टांग्याचा.
टेपच्या एका पट्टीवर तिघं,
कडेच्या पट्टीवर एकटा बेस,
आणि कड बुरशीनं खाल्लेली :
तिसऱ्या गाण्यात अकरा आवर्तनं गायब.
"तेवढी भरून द्या," गायकाची मुलगी म्हणाली,
"कुणाला कळता कामा नये."

मी म्हटलं, त्यात काय.
सा आणि प, सा आणि प,
दोन पायांनी घरी निघालेला माणूस.

माझा बेस आला तो इस्त्रीचा शर्ट घालून.
प्रत्येक सुराला स्टीलच्या ताटासारखी कड.
टेपवरचा सूर म्हणजे
पिठाच्या गोणीवर थाप :
धप्,
आणि मागे जरासं पीठ उडालेलं.

टोनचं बटण शून्यावर नेलं.
लॅमिंग्टन रोडला फ्लॅटवाउंड तारा मागितल्या,
दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग कॅलेंडरकडे पाहिलं.
व्हॉल्व्हचा अँप उसना आणला,
तापायला वीस मिनिटं, जळक्या धुळीचा वास.
ब्रिजखाली भांडी घासायचा स्पंज खुपसला,
हिरवी बाजू खाली.
जवळ आलं,
शेजारच्या सोसायटीइतकं.
मधे भिंत.

मग इनास अंकलना शोधलं.
त्र्याऐंशी वर्षं, त्याच खोलीत, कानात मशीन.
तारा कुठल्या होत्या?
"घातल्या लग्नाच्या साली. तुटल्या नाय, तर काढायच्या कशाला?"
आणि स्पंज?
"स्पंज कसला गो बाय. पोराचा लंगोट, चार घड्या."
का पण?
त्यांनी भिंतीकडे बोट केलं.
"पलीकडं पेद्रू निजायचा. बेकरीत रातपाळी.
तीनच्या आत उठवला तर शिव्या घालायचा,
आन् संध्याकाळी पाव नाय द्यायचा.
गाणं वाजलं पायजे,
पेद्रूला नाय वाजलं पायजे."

स्टुडिओत आले तेव्हा अडीच वाजलेले.
सोफ्यावर तुषार, रात्रभर मिक्सिंग करून आडवा,
तोंड उघडं, एक चप्पल पायात.
एरवी हाकलला असता.
लाल दिवा लावला,
अंगठा गळ्याजवळ आणला, नख न लागू देता,
आणि वाजवलं,
तो उठणार नाही इतकंच.
सातव्या आवर्तनात त्यानं कूस बदलली.
अंगठा आपोआप मऊ झाला.
ते तसंच ठेवलं.

शनिवारी मरोळला ऐकवायला नेलं.
इनास अंकल डोळे मिटून, गुडघ्यावर बोट.
माझी अकरा आवर्तनं आली, गेली,
बोट चालत राहिलं.
पुढच्याच कडव्यात ते थांबले.
"इथं हे माझं नाय."
ते त्यांचंच होतं. ७१ सालचं. रविवार दुपारचं.
मी काही बोलले नाही.
शेवट येण्याआधी त्यांनी हात लांबवून
स्पीकरचा आवाज अर्धा केला, सवयीनं.

पलीकडे आता जिम आहे.