आवाज बसला

तार्तूच्या बालवाडीत आज
हेल्वेबाईंचा आवाज बसला.
"कुठे बसला?" उकूने विचारलं,
आणि अकरा जण खुर्च्यांखाली वाकले.

पियानोमागे नाही. बुटांच्या कपाटात
नुसता वितळता बर्फ,
आणि कुणाचा तरी एकच हातमोजा.

"दमला असेल," लेलो म्हणाली,
"रोज आमच्यावर ओरडून."
मग सगळेच कुजबुजू लागले.
काचपेटीतल्या माशालासुद्धा
हळू पोहायला सांगितलं.

खिडकीजवळची बुटकी खुर्ची
त्याच्यासाठी राखून ठेवली:
वर मफलर, शेजारी अर्धं बिस्किट.
उरलेलं अर्धं उकूने चाखलं,
घशाला टोचत नाही ना, बघायला.

चार वाजता, बाहेर काळोख,
बाई त्या खुर्चीत कशाबशा मावल्या,
गुडघे हनुवटीला.
बिस्किट संपवलं.
घसा खाकरून
माशाला काहीतरी म्हणाल्या.