एक उणा तीस

कायानी गावात डिसेंबरचा दिवस
दुपारी सव्वादोनलाच आवरतं घेतो.
नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर
मारित कार्पिनेन तिसरी कॉफी ओतते
आणि तोच अहवाल चौदाव्यांदा चालवते:
नव्वदी ओलांडलेले, घरी जेवण पोचवायचे,
एकूण दोनशे सहा.

काल फोन आला होता.
साइमीबाई, आवाज खणखणीत:
"अकरा दिवस झाले, डबा एकच येतोय.
सूप आम्ही निम्मं-निम्मं करतो, त्याचं काही नाही.
पण माझी बहीण माझ्याहून अर्ध्या तासाने मोठी.
मी यादीत, आणि ती कशी नाही?"

जुळ्या. एल्मा जन्मली तेव्हा
बाराला दहा कमी होती,
साइमी आली तेव्हा बारा वाजून वीस.
सुइणीने वहीत दोन तारखा लिहिल्या,
दोन वर्षं,
आणि हात धुतले.

मारित शोधते.
तक्त्यात एल्मा आहे. ३११२२९, जागच्या जागी.
क्वेरी बरोबर.
तारखेचा साचा बरोबर, आधी दिवस मग महिना.
लॅपटॉपवर एल्मा दिसते,
नव्या सर्व्हरवर नाहीशी होते.
शेवटी ती गाळणीच काढून टाकते,
सगळ्यांना आत येऊ देते,
आणि अगदी तळाशी, जिथवर कुणी कधी जात नाही,
सापडते:
एल्मा केम्पाइनेन, जन्म २०२९,
वय उणे सात.

तिच्यासोबत आणखी चाळीस जण.
एकाला पेसमेकर, एकीला दोन्ही गुडघे नवे,
आणि सगळे अजून जन्माला यायचे.

सर्व्हरला कुणीतरी सांगून ठेवलेलं:
वर्षाचे दोनच आकडे दिसले
तर तीसपासून पुढचं ते मागचं शतक,
एकोणतीसपर्यंत हे चालू.
कुठेतरी रेघ मारावीच लागते.
ती नेमकी त्या रात्री, त्या खोलीत,
एकाच आईच्या दोन कळांमधून गेली.

मराठीत आपण एकोणतीस म्हणतो,
तिसाला एक उणा.
आकड्याच्या नावातच उणीव,
पण निदान ती ऐकू येते.
फिनलंडमध्ये माणसाच्या क्रमांकात
तारखेपुढे एक आडवी रेघ असते.
रेघ म्हणजे एकोणिसशेचं शतक,
त्याआधीच्यांना अधिकचं चिन्ह,
नंतरच्यांना अक्षर.
नखाएवढी रेघ,
आणि तिला टांगलेली शंभर वर्षं.
सफाईच्या वेळी रकाना सहाच घरांचा निघाला,
म्हणून कुणीतरी ती खुडून टाकली.

"सीमा बावीसवर आण," शेजारचा यार्मो म्हणतो,
"दोन मिनिटांचं काम. तुझ्या लॅपटॉपवर तेच तर आहे."
"मग जानेवारीत जन्मलेलं बाळ शंभरीचं होईल,
आणि आपण त्याला सूप पाठवू."
यार्मो हसतो, कोट चढवतो, जातो.

ती रकान्याला सातवं घर देते.
जुन्या नोंदवहीतून रेघा परत आणते.
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी
त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा जाते.
सव्वासातला अहवाल पुन्हा चालवला:
दोनशे सत्तेचाळीस.

फोन एल्मानेच उचलला.
मारितने समजावून सांगितलं, जमेल तितकं सोपं करून:
यंत्राला वाटत होतं
तुम्ही अजून सात वर्षांनी जन्मणार आहात.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज.
मग, हळू:
"म्हणजे ऑस्मो अजून आघाडीवर गेलाच नाही."

मारित कीबोर्डवरचा हात काढून घेते.
मागून साइमी ओरडते, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही," एल्मा म्हणते,
"उद्यापासून दोन डबे."